एकेरी तिकिटाचा न दाखवलेला खर्च

मालाडच्या मार्वे जेट्टीवरून मनोरीला फेरीबोटीने काही मिनिटांत पोचता येते. खाडी एवढीशी, समोरचा किनारा नुसत्या डोळ्यांना दिसतो. पण मध्यरात्री मनोरीत कुणाच्या छातीत कळ आली की हीच खाडी रुंद होते. त्या वेळी बोट बंद असते आणि गाडीने निघायचे तर उत्तनवरून भाईंदरचा वळसा घालून पुन्हा दक्षिणेकडे यावे लागते. रुग्णालय किती किलोमीटरवर आहे यापेक्षा तिथे किती वेळात पोचता येते, यावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या मनोरीकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अंतराचा हाच हिशेब मंगळावर कायमची वस्ती करण्याच्या खासगी योजनांना लावून पाहायला हवा. या योजनांवर आजवर जी चर्चा झाली ती मुख्यतः रॉकेट, इंधन आणि पैसा यांची. तिथे गेलेला माणूस आजारी पडला तर काय, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. परत यायचेच नसेल, तर खरे म्हणजे तो पहिला प्रश्न असायला हवा.

‘मार्स वन’ या डच संस्थेचे उदाहरण फार जुने नाही. बास लान्सडॉर्प या अभियंत्याच्या पुढाकाराने २०१२ मध्ये तिने योजना जाहीर केली. चार जणांची पहिली तुकडी २०२३ मध्ये मंगळावर उतरेल, दर दोन वर्षांनी आणखी चौघे जातील आणि परत कुणीच येणार नाही, अशी ती योजना. पहिल्या चौघांचा खर्च ६ अब्ज डॉलर सांगितला गेला. गुंतवणूकदार, देणग्या आणि निवडीपासून मंगळावरच्या जगण्यापर्यंतचे सगळे टीव्हीवर दाखवण्याचे हक्क यांतून तो उभा राहणार होता. संस्थेकडे स्वतःचे रॉकेट नव्हते, यान नव्हते. सगळे दुसऱ्यांकडून बनवून घ्यायचे होते.

२०१३ मध्ये अर्ज मागवल्यावर २ लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवल्याचे संस्थेने सांगितले. त्यांत सुमारे २० हजार भारतीय; अमेरिकेखालोखाल क्रमांक भारताचा. शुल्क भरून पूर्ण अर्ज करणारे यापेक्षा फारच कमी होते, असे पुढे निवडलेल्यांपैकीच एका आयरिश खगोलशास्त्रज्ञाने जाहीरपणे सांगितले. पहिल्या चाळणीनंतर १,०५८ जण उरले, त्यांत ६२ भारतीय होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये १०० जणांची यादी लागली, तीत तीन भारतीय. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्याचे कौतुक केले. आईवडिलांना काय वाटते, हेही विचारून झाले. मधल्या टप्प्यावर वैद्यकीय तपासणी होती ती इतकीच, की उमेदवाराने आपापल्या डॉक्टरकडून तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणायचे. लष्करात शिपाई म्हणून भरती व्हायलाही आपल्याकडे यापेक्षा कडक तपासणी होते.

१५ जानेवारी २०१९ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या न्यायालयाने या योजनेमागची कंपनी दिवाळखोर ठरवली. तोवर कुणीही जमिनीवरून हलले नव्हते, म्हणून ती बातमी आतल्या पानावर गेली आणि विसरली गेली. पण योजना ठरल्याप्रमाणे पार पडली असती, चौघे जण मंगळावर उतरले असते आणि त्यानंतर कंपनी बुडाली असती, तर? त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. प्रवाशांचे पैसे अडकले, पगार थकले, पण अडकलेली माणसे दुसऱ्या विमानाने, नाहीतर रेल्वेने घरी गेली. मंगळावर पुढच्या सामानाची वाट पाहणाऱ्या चौघांची जागा धनकोंच्या यादीत कितवी लागली असती?

‘मार्स वन’ संपली, तरी तिच्या मुळाशी असलेली कल्पना संपलेली नाही. मंगळावर शहर वसवण्याचे स्वप्न अधिक पैसा आणि अधिक कर्तबगारी असलेल्या लोकांनी उचलले आहे. इलॉन मस्क यांच्या ‘स्पेसएक्स’ने वापरलेली रॉकेट पुन्हा उडवून दाखवली, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परतीचा मार्ग कायमचा बंद, असेही मस्क म्हणत नाहीत. पण परतीचे इंधन मंगळावरच तयार करावे लागणार आहे. म्हणजे तो कारखाना तिथे नीट चालेपर्यंत तिकीट एकेरीच. २०१७ मध्ये त्यांनी २०२४ साली माणसे पाठवण्याचे उद्दिष्ट सांगितले होते. ते वर्ष सरून गेले. तारखा पुढे जातात, यात काही गैर नाही. माणूस तिथे वर्षानुवर्षे जिवंत आणि धडधाकट कसा राहील, याचे उत्तरही पुढे ढकलले जाते, ते मात्र चिंतेचे आहे.

मंगळावरच्या जमिनीवर किरणोत्सर्ग किती, हे नासाच्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीने मोजले आहे. दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट. आकड्याचा अर्थ लावायचा तर कुठल्याही रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात जावे. तिथल्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरणे पडली याची नोंद त्यात होते आणि तो ठरावीक मुदतीने तपासणीला जातो. भारतात अशा कर्मचाऱ्याला एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या वर आणि पाच वर्षांत एकूण १०० च्या वर किरणोत्सर्ग चालत नाही. मंगळाच्या उघड्या जमिनीवर ही वार्षिक मर्यादा सुमारे ४५ दिवसांत ओलांडली जाईल. आधीच्या सहा-सात महिन्यांच्या प्रवासात रोजचे प्रमाण याच्या जवळजवळ तिप्पट. नासाने आपल्या अंतराळवीरांसाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट ठेवली आहे. प्रवास आणि मुक्काम मिळून ती सव्वा वर्षाच्या मुक्कामाआधीच संपते, आणि इथे तर जन्मभर राहायचे आहे. जमिनीखाली राहून किरणे टाळता येतील, हे खरे. मग ते आयुष्य तळघरातले होईल, हेही जाहिरातीत लिहावे.

वजनरहित अवस्थेत मांडीच्या आणि कमरेच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का कमी होते. अंतराळवीर रोज दोन-दोन तास व्यायाम करतात ते याचसाठी. हाडांतले कॅल्शियम लघवीवाटे जाते, त्यामुळे मुतखड्याचा धोका वाढतो. काहींच्या डोळ्यांच्या मागच्या भागात सूज येते, नजर बदलते. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. तेवढ्याने हाडे टिकतात का, गर्भ नीट वाढतो का, हे कुणी पाहिलेले नाही, कारण तेवढ्या गुरुत्वाकर्षणात कुणी माणूस राहिलेलाच नाही. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाची क्षारद्रव्ये आहेत. ती शरीरात गेली तर थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत. शेती करायची ती त्याच मातीत, किंवा सगळे खतपाणी पृथ्वीवरून नेऊन.

अंतराळातही डॉक्टरी उपचार होतात, पण ते कशाच्या बळावर, हे एका उदाहरणावरून दिसते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी आढळली. संशोधनासाठी सोनोग्राफी चालली होती म्हणून ती सापडली. जानेवारी २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या फक्त २० कुप्या स्थानकावर होत्या. पृथ्वीवरच्या तज्ज्ञांनी सल्ला दिला, डोस बेताने वापरायला सांगितले आणि दीड महिन्याने मालवाहू यानातून गोळ्या पोचल्या. रक्तस्राव सुरू झाला असता तर औषधाचा परिणाम उलटवणारे दुसरे औषध तिथे नव्हते. अंतराळवीर सुखरूप परत आला आणि पृथ्वीवर उतरल्यावर काही दिवसांत गुठळी नाहीशी झाली. उपचार यशस्वी झाला, कारण स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर आहे. १९८५ मध्ये ‘सॅल्यूत ७’ या सोव्हिएत स्थानकावर व्लादिमिर वास्यूतिन आजारी पडले, तेव्हा मोहीम अर्धवट सोडून त्यांना खाली आणले गेले, तेही याच कारणाने.

मंगळाकडे यान सोडण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. औषध संपले तर पुढची खेप दोन वर्षांनी, त्यात प्रवासाचे सहा-सात महिने मिळवायचे. पृथ्वीवरून रेडिओ संदेश पोचायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, ३ ते २२ मिनिटे लागतात; उत्तर यायला पुन्हा तेवढीच. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा होऊ लागते. म्हणजे ‘काय करू?’ हा प्रश्न पृथ्वीवरच्या डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंतच रुग्णाचे भवितव्य ठरलेले असू शकते. तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून मुंबईला रुग्ण ‘रेफर’ करण्यावर आपली सगळी आरोग्यव्यवस्था चालते. मंगळावर वरचे रुग्णालयच नाही. जो एक डॉक्टर असेल तोच शेवटचा. आणि तोच आजारी पडला तर?

१९६१ मध्ये अंटार्क्टिकावरच्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह या एकमेव डॉक्टरने आरशात पाहत स्वतःचे अपेंडिक्स स्वतःच काढले. ही गोष्ट साहसाची म्हणून सांगितली जाते. वैद्यकीय व्यवस्थेने मात्र तिच्यासारख्या प्रसंगांतून सावध राहण्याचा धडा घेतला. ऑस्ट्रेलियाच्या तळांवर हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरला आपले अपेंडिक्स आधीच काढून घ्यावे लागते. भारताचे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ हे तळ गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालतात. जाणाऱ्यांची कसून तपासणी होते, प्रशिक्षण होते, सोबत डॉक्टर असतो. एवढे करूनही अंटार्क्टिकावर श्वासाला हवा फुकट मिळते आणि उन्हाळा आला की जहाज येते.

हवा आणि पाणी बंद जागेत वर्षानुवर्षे फिरते ठेवणे, ही याहून अवघड गोष्ट. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये एका धनिकाच्या पैशातून ‘बायोस्फिअर २’ नावाची मोठी बंदिस्त काचवस्ती उभी राहिली. १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी तिच्यात गेले. आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सुमारे १४.५ टक्क्यांपर्यंत घसरला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. त्याआधी पहिल्या काही आठवड्यांतच एकीचे बोट यंत्रात सापडले. शस्त्रक्रियेसाठी तिला दार उघडून बाहेर न्यावे लागले. दार उघडता आले म्हणून बोटावर उपचार झाले, नळी जोडता आली म्हणून आठ जण पुढे राहू शकले.

‘मार्स वन’च्या आराखड्याची तपासणी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी केली आणि २०१४ मध्ये टोरांटोच्या परिषदेत ती मांडली. सगळे अन्न आत पिकवायचे ठरवले तर पिकांमुळे ऑक्सिजन आगीचा धोका होईल इतका वाढतो. तो कमी करायला हवा बाहेर सोडली की नायट्रोजनही जातो, आणि आतला दाब सांभाळता येत नाही. या हिशेबाने पहिला मृत्यू सुमारे ६८ व्या दिवशी. संस्थेने हा निष्कर्ष मान्य केला नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाब अधिक बोलकी आहे: १३० महिन्यांनंतर पृथ्वीवरून पाठवाव्या लागणाऱ्या सामानात ६२ टक्के वजन नुसत्या सुट्या भागांचे असेल.

सुट्या भागांचा अर्थ मुंबईकराला पाण्याच्या यंत्रावरून कळेल. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मनोरीलाच योजलेला आहे. रोज २० कोटी लिटर आणि पुढे ४० कोटी लिटरपर्यंत क्षमता, असा तो आराखडा. २०२१ मध्ये त्याच्या अहवालासाठी इस्रायली कंपनीशी करार झाला. समुद्र दाराशी, वीज उपलब्ध, कारागीर हाकेच्या अंतरावर, तरी असा प्रकल्प उभा करणे किती खर्चाचे आणि वेळखाऊ आहे हे मुंबई पाहत आहे. अशा यंत्रातल्या गाळण्या ठरावीक काळाने बदलाव्याच लागतात. घरातल्या आरओचा मेम्ब्रेन बदलायलाही माणूस यावा लागतो. अंतराळ स्थानकावर लघवी, घाम आणि श्वासातली वाफ मिळून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली आहे. ते काम मोठेच आहे. पण त्या यंत्राचे सुटे भाग खालून जातात, तेही काही महिन्यांच्या अंतराने.

यावर नेहमीचे उत्तर असे की, जाणारे आपखुशीने जातात, त्यांना धोका ठाऊक आहे, मग इतरांनी का बोलावे? वैद्यकात संमतीला मोठा मान आहे. म्हणूनच तिच्या अटीही कडक आहेत. नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर भारतात २०१९ चे नियम लागू होतात. भाग घेणाऱ्याला सर्व माहिती द्यायची, नैतिकता समितीची मंजुरी घ्यायची, चाचणीमुळे इजा झाली तर गरज असेल तोवर मोफत उपचार करायचे, नुकसानभरपाई द्यायची. सहीचा कागद हातात आहे म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही. सर्वांत महत्त्वाची अट अशी, की भाग घेणाऱ्याला कधीही, कारण न देता ‘आता पुरे’ म्हणता आले पाहिजे. एकेरी मोहिमेत नेमका हाच अधिकार काढून घेतला जातो. पंचविसाव्या वर्षी उत्साहाने केलेली सही पन्नाशीतल्या, एकट्या पडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बांधून ठेवते. तिथे मूल जन्मले तर त्याची सही कुणी घेतलेलीच नाही.

पूर्वजही परतीची आशा सोडून समुद्रापार गेले होते, असाही दाखला दिला जातो. कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांची आठवण इथे होतेच. ते हाल सोसून टिकले आणि आजही तिथे मराठी आहे. पण त्यांना तिथे हवा, पाऊस आणि माती मिळाली. शिवाय सुरुवातीच्या करारांत परतीच्या प्रवासाची तरतूद होती. मजुरांची फारशी कदर न करणाऱ्या त्या काळातल्या सरकारलाही ती लिहावी लागली. एकविसाव्या शतकातल्या कंपनीने तेवढेही लिहू नये, याला प्रगती कसे म्हणावे?

मंगळाचा अभ्यास थांबवा, असे यातून निघत नाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले ‘मंगळयान’ २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचले. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये, अपेक्षित आयुष्य सहा महिने, आणि ते चालले जवळजवळ आठ वर्षे. २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला, तेव्हा हळहळ वाटली, पण कुणाच्या घरी सुतक नव्हते. यंत्राला एकेरी तिकीट शोभते. माणसे पाठवायची वेळही येईल. ती परत आणण्याची सोय सिद्ध झाल्यावर, आणि आजारपणाचा खर्च आधी बाजूला काढून ठेवल्यावर.

एकेरी मोहीम स्वस्त का पडते, याचे उत्तर साधे आहे. परतीचे रॉकेट वगळले म्हणून खर्च कमी झाला, असे सांगतात; प्रत्यक्षात वगळलेले असते ते त्या माणसाचे पुढचे चाळीस वर्षांचे औषधपाणी, म्हातारपण आणि शेवट. १९६७ च्या अंतराळ करारानुसार खासगी कंपन्यांच्या अंतराळातील कामांची जबाबदारीही त्यांच्या देशांवर येते आणि भारत त्या करारात आहे. खासगी अंतराळ उद्योगाला आपल्याकडेही दारे खुली झाली आहेत. उद्या अशी एखादी योजना इथे अर्ज मागवू लागली, तर परवाना देण्याआधी सरकारने मोजक्या गोष्टी लेखी मागाव्यात: पंधराव्या वर्षी सामान कोण पाठवणार, त्याचा पैसा कंपनीच्या खात्याबाहेर सुरक्षित कुठे ठेवला आहे, कंपनी बुडाली तर वस्तीचा ताबा कोण घेणार आणि ‘मला परत यायचे आहे’ म्हणणाऱ्याला कसे आणणार. आणि तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रासाठी एखादा तरुण दवाखान्यात आलाच, तर सही करण्याआधी डॉक्टरनेही हेच प्रश्न त्याच्यासमोर ठेवावेत.